आईला फोन, समोर टिक

ओंक्या म्हणजे माझा मावसभाऊ. इंजिनिअरिंगला, एसई (म्हणजे दुसरं वर्ष) मेकॅनिकल. गेल्या वर्षी मे महिन्यात पीएल (परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी) लागली तसा हॉस्टेलवरनं बॅग, लॅपटॉप आणि एक मळकी चादर घेऊन माझ्या कर्वेनगरच्या फ्लॅटवर येऊन पडला, कारण काय तर हॉस्टेलवर अभ्यास होत नाही (हॉस्टेलवर अभ्यास न होणं ही आमच्या वेळेपासून अखंड चालत आलेली परंपरा आहे). आल्या आल्या त्यानं माझ्या प्रिंटरमधला एक कोरा कागद ओढला, आडवा धरला, निळ्या स्केचपेननं यादी लिहिली आणि फ्रिजच्या दाराला मॅग्नेट लावून चिकटवली. एम3 लाप्लास पीवायक्यू (म्हणजे मॅथ्स 3 मधल्या लाप्लासचे मागच्या वर्षांच्या पेपरातले प्रश्न). केओएम (मशिनींचं कायनेमॅटिक्स) युनिट 3. फ्लुइडचं जर्नल सर्टिफाय (प्रॅक्टिकलच्या वहीवर सरांची सही). प्रिंटआउट. केस कापणे. आणि सगळ्यात खाली, आईला फोन. मी वाचली, हसले आणि विसरले. रात्री मी कुकर लावत होते तेव्हा साहेब ओट्याला टेकून फोनवर, हो जेवणारे आता, हो चाललाय अभ्यास, ताई आहे की इथंच, बरं ठेवू का, असं दोन-तीन मिनिटं बोलले, फोन खिशात टाकला आणि त्याच हातानं स्केचपेन उचलून 'आईला फोन' समोर झोकात टिक मारली. वर मला म्हणतो, "चला, आज एक तरी झालं."

मला ते का लागलं कोण जाणे. बोलले काहीच नाही, शिट्ट्या मोजत बसले. पण रात्रभर डोक्यात तेच, की कराडला माझी मावशी फोन ठेवून पोरगा बोलला म्हणून खुशीत कुठंतरी पंख्याखाली बसली असेल, आणि तिला पत्ता पण नाहीये की ती यादीत 'केस कापणे'च्या खाली आहे. बरं, पोरगा वाईट आहे का, तर अजिबात नाही. आईवर जीव आहे त्याचा. मग एवढं खटकण्यासारखं काय होतं?

नंतरचे काही दिवस मी त्या फ्रिजकडे जरा जास्तच बघायला लागले. रोज सकाळी नवा कागद यायचा. माझ्या प्रिंटरचे कागद संपायला आले पण लाप्लास काही संपेना. यादीतलं काय होतं आणि काय होत नाही हे बघायला लागलं की दोन दिवसात नियमच कळतो. 'प्रिंटआउट' होतं. 'केस कापणे' होतं, तेही भर दुपारी, उन्हात, अगदी मन लावून. 'केओएम युनिट 3' मात्र सोमवारच्या कागदावरनं मंगळवारच्या कागदावर, तिथनं बुधवारच्या. कारण युनिट 3 करायचं म्हणजे नक्की काय करायचं हे कुणी सांगावं? वाचायचं? सोडवायचं? किती? प्रिंटआउटला शेवट आहे, दुकानदाराला पैसे दिले, कागद हातात आले, विषय संपला. अभ्यासाला तसा शेवट नसतो, तो फक्त परीक्षेच्या दिवशी बंद पडतो. त्याच्या पॅटर्नमध्ये एंडसेमला (सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षेला) युनिट 3 ते 6, 70 मार्क, एवढं सगळ्यांना पाठ होतं, पण त्या चार ओळी यादीत लिहिल्या की त्यांच्याकडे बघूनच घाम फुटतो आणि माणूस उठून केस कापायला जातो.

यावरनं मला माझी रूममेट आठवली. लातूरची होती, हडकुळी, कायम डोक्याला तेल. आम्ही एफईला (पहिल्या वर्षाला) असताना सबमिशनच्या दिवसांत हॉस्टेलवर जे काही चालायचं ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. रात्री दोन वाजता कॉरिडॉरभर उजेड. ग्राफिक्सच्या (ड्रॉइंगच्या) शीट जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारायच्या म्हणून वॉर्डनच्या नकळत टेबलाची काच काढलेली, ती दोन खुर्च्यांवर आडवी टाकलेली, खाली होल्डरला लावलेला बल्ब, वर कुणाची तरी झालेली शीट, तिच्यावर आपली कोरी, चारी कोपऱ्यांना सेलोटेप. खालनं उजेड आला की आधीच्या बिचारीची रेघन् रेघ वर उमटायची आणि आपण फक्त टूएच पेन्सिल घेऊन तिच्यावरनं गिरवत सुटायचं. तोंडावर त्या बल्बची धग, मच्छर, मधेच काच तापली म्हणून बल्ब घालवून पाच मिनिटं अंधारात गप्पा. करंगळीच्या बाजूचा तळहात शिशानं काळा चकचकीत झालेला असायचा आणि तोच हात शीटवर टेकला की आयसोमेट्रिकच्या बरोब्बर मधोमध काळा ढग. खोडरबर मारलं की कागदाची साल निघायची. मग सर म्हणणार, रीड्रॉ.

तर त्या दिवसांत मी वहीच्या शेवटच्या पानावर यादी करायचे, ग्राफिक्स, वर्कशॉप, केमिस्ट्री, बेसिक इलेक्ट्रिकल. चार शब्द. बघायला एकदम सुटसुटीत, करायला महिना. आणि ही लातूरकरीण काय लिहायची? जर्नलला इंडेक्स. जर्नलला पान नंबर. एक्सपेरिमेंट 4 चा ग्राफ. पेन आणणे. आणि मग तिची ती अजरामर ओळ, 'सरांना शोधणे'. मी हसून लोळले होते तेव्हा. पण खरं बघितलं तर सबमिशनमधलं सगळ्यात मोठं काम तेच असतं की, लिहून एका रात्रीत होतं, सही करायला सर सापडत नाहीत. सर लॅबमध्ये नाहीत, स्टाफरूममध्ये नाहीत, आत्ताच चहाला गेले, आत्ताच एक्स्टर्नल ड्युटीला गेले. माझ्या यादीत या कामाला जागाच नव्हती. तिच्या यादीत होती, म्हणून ती सकाळी नऊला स्टाफरूमच्या दाराशी हजर असायची. ती अजून एक करायची, आधीच झालेली कामं पण यादीत लिहायची आणि लगेच टिक मारायची. आंघोळ, टिक. डबा घासला, टिक. मला ते तेव्हा चीटिंग वाटायचं. आता वाटतं, ज्या दिवसात काहीच धड होत नाही त्या दिवसात डबा तरी घासला याची नोंद कुठंतरी हवी की.

कॉलेज आपली यादी लावायचंच, तो भाग वेगळा. डिफॉल्टर लिस्ट. 75 टक्के अटेंडन्स नाही भरली की नोटीस बोर्डावर नाव, रोल नंबर, आणि खाली पालकांना भेटायला घेऊन यावे.

ओंक्याचं आठ दिवसांनी फ्रिजवरनं समाधान होईना म्हणून त्यानं टाइमटेबल करायचं ठरवलं. रविवारची अख्खी संध्याकाळ त्यात गेली. चार रंग, फूटपट्टी, मधे मधे पाणी. सकाळी 6 ते 8 एम3, 8 ते साडेआठ ब्रेकफास्ट, साडेआठ ते 11 केओएम, असं करत रात्री बारापर्यंत. बघणाऱ्याचा ऊर भरून यावा असं टाइमटेबल होतं. त्यात जांभई द्यायला पण जागा नव्हती. मी म्हणलं, अरे सहाला उठतोस तू? तर म्हणे, उद्यापासनं. दुसऱ्या दिवशी नऊला उठला आणि टाइमटेबल तीन तास मागे पडलं म्हणून नवीन करायला बसला.

याच्यावर संशोधन झालंय, मी मुद्दाम शोधून वाचलं, त्याला ऐकवायला. माणसं स्वतःच्या कामाला लागणारा वेळ हटकून कमी धरतात, मागचा अनुभव समोर असला तरी, हे डॅनिएल काहनमन आणि एमोस ट्वर्स्की या जोडीनं 1979 मध्येच लिहून ठेवलं होतं. पुढं 1994 मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना विचारलं, तुमचा थिसिस किती दिवसांत होईल. पोरांनी सरासरी 34 दिवस सांगितले. लागले 55 च्या वर. पण मला खरी मजा पुढच्या आकड्याची वाटली. त्यांना असंही विचारलेलं, की समजा जेवढं वाईट होऊ शकतं तेवढं सगळं झालं तर किती लागतील? त्याचं उत्तर होतं साधारण 49. म्हणजे सगळं जग उलटं फिरलं असं धरून चालूनसुद्धा पोरं कमीच पडली! हे मी ओंक्याला जेवताना सांगितलं तर तो म्हणाला, "मग चांगलंय ना ताई, म्हणजे माझ्यात काही प्रॉब्लेम नाहीये." आणि आमटी वाढून घेतली.

त्याच्या फोनमध्ये पोमोडोरोचं ॲप पण आहे. 25 मिनिटं अभ्यास, 5 मिनिटं सुट्टी, परत 25. ही पद्धत काढणारा फ्रान्चेस्को चिरिलो हा पण 1980 च्या दशकाच्या शेवटी इटलीत कॉलेजात शिकणारा, अभ्यासाला बसवेना म्हणून वैतागलेला पोरगाच होता, त्यानं स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर उचलला आणि म्हणाला, निदान दहा मिनिटं तरी बसून दाखवतो. मला हा माणूस आवडतो. दहा मिनिटं! आपल्याकडे कुणी दहा मिनिटांचं टाइमटेबल करत नाही, आपण डायरेक्ट सहा ते आठ. ओंक्याचा घोळ फक्त त्या पाच मिनिटांच्या सुट्टीत होतो, कारण एक रील तीस सेकंदांची असली तरी दुसरी लगेच येते.

पण हे सगळं गंमत म्हणून. माझ्या डोक्यातनं ती टिक जात नव्हती.

याच दरम्यान एका शनिवारी मी कराडला गेले. ओंक्या राहिला मागे, अभ्यासाला. मावशीचं स्वयंपाकघर मला पाठ आहे, तिथं फ्रिजशेजारी खिळ्याला कालनिर्णय, त्याला दोऱ्यानं बांधलेलं बॉलपेन, जे सुरुवातीला कधीच उमटत नाही, चार वेळा गिरगटावं लागतं, त्यामुळं प्रत्येक महिन्याच्या समासात निळ्या गिरगोट्या. चहा उकळेपर्यंत मी उगाच ते वाचत बसले. दूध 1. दूध नाही. दूध 2, पाहुणे. गॅस लावला. मोटर रिपेअर, 650. पेपर बिल दिले. भिशी. काकडीचं बी लावलं. आणि जून पलटून बघितलं तर पुढं काहीच नाही, कोरं. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की मावशी काय करायचंय ते लिहीतच नाही, जे झालं ते लिहिते. उद्याचं तिला लिहून ठेवायची गरजच पडत नाही, कारण उद्या काय करायचं ते सकाळी उठल्यावर घर आपोआप सांगतं, पाणी कधी येतंय, पीठ संपलंय, मेथी निवडायचीय. लिहून ठेवावं लागतं ते मागचं, कारण दूधवाला महिन्याच्या शेवटी हिशेब घालायला येतो तेव्हा तो एकतीस दिवस म्हणतो आणि आपल्याला माहीत असतं की तीन दिवस आला नव्हता.

पुढचं लिहिते ते एकाच ठिकाणी, वाण्याच्या यादीत. आणि ती यादी बघून मला वाटलं की अख्ख्या इंजिनिअरिंग कॉलेजला ही आधी शिकवायला पाहिजे. साखर 5 किलो. तूरडाळ 2 किलो. पोहे जाडे 1 किलो. शेंगदाणे अर्धा, खवट नको. प्रत्येक ओळीपुढं माप, आणि जिथं मागच्या वेळी फसवणूक झाली तिथं ताकीद. 'किराणा संपवणे' असं कुणी लिहीत नाही. पोरं मात्र बिनधास्त लिहितात, फ्लुइड संपवणे.

चहा पिताना मी शेवटी मावशीला सांगितलंच. जरा भीतभीतच सांगितलं, म्हणजे तिला वाईट वाटेल म्हणून, की तुझं लेकरू तुला यादीत लिहितं आणि फोन झाला की टिक मारतं. मावशी बशी खाली ठेवून एवढी हसली की ठसका लागला. म्हणाली, "अगं बरं की मग, लिहितो तरी! त्याच्या बापानं आयुष्यात कधी लिहिलं नाही आणि कधी केलं पण नाही." मग थोडं थांबून, "कितव्या नंबरला आहे मी?" मी म्हणलं, शेवटी. तर म्हणे, "असू दे. वरची काय होत नसतील त्याची."

मला उत्तर सुचलं नाही.

परतीच्या एसटीत मी ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंबद्दल वाचत होते. 1920 च्या दशकात बर्लिनमध्ये हिनं लोकांना छोटी छोटी कामं दिली होती, कोडी, मण्यांच्या माळा, मातीच्या आकृत्या, आणि अर्धी कामं मधेच थांबवली. नंतर विचारलं काय काय केलंत, तर लोकांना अर्धवट राहिलेली कामं जास्त आठवत होती. पूर्ण झालेली डोकं टाकून देतं. हे पीएलमध्ये बसलेल्या कुणालाही सांगायला झायगार्निक लागत नाही, रात्री डोळे मिटले की न झालेलं युनिट उशाशी येऊन बसतं. यातलं खरं कामाचं मला दुसरंच सापडलं. 2011 मध्ये मासिकॅम्पो आणि बॉमाइस्टर यांनी दाखवलं की काम पूर्ण करायला लागत नाही, ते कधी, कुठं, कसं करणार एवढं नीट ठरवलं तरी डोक्यातली भुणभुण थांबते. म्हणजे यादी लिहून मोकळं वाटतं ते उगाच नाही. लातूरकरणीला 'सरांना शोधणे' लिहून झोप लागायची आणि मला 'ग्राफिक्स' लिहून लागायची नाही, त्याचं कारण हे असणार. माझ्या ओळीत कधी, कुठं काहीच नव्हतं.

मग याच हिशेबानं बघायचं तर 'आईला फोन' त्या कागदावर आलं याचा अर्थ ते त्याच्या डोक्यात भुणभुणत होतं. लाप्लाससारखंच. दिवसभर कुठंतरी टोचत होतं की आईला फोन नाही केला, आईला फोन नाही केला. ज्याला आठवतच नाही तो लिहीत पण नाही. एवढ्यावर माझं समाधान व्हायला हरकत नव्हती, साताऱ्याच्या आसपास झालं पण होतं. पण मग पुढं खंबाटकीत गाडी अडकली तेव्हा परत वाटलं की हे निम्मंच आहे. कारण टिक मारली की भुणभुण बंद. झायगार्निकबाईंच्या म्हणण्यानुसार झालेलं काम डोकं टाकून देतं. म्हणजे रात्री नऊला फोन झाला की मावशी उद्या रात्री नऊपर्यंत डोक्यातनं बाहेर, आणि माझा खरा सल बहुतेक तिथं होता. यादी आठवण ठेवायला म्हणून आपण करतो आणि तिचं अर्ध काम विसरू देण्याचं असतं, जर्नल विसरलं तर बरंच आहे, पण काही गोष्टींची जराशी टोचणी राहिलेली मला आवडते. आता ही माझी आवड झाली. पीएलमध्ये बसलेल्या वीस वर्षांच्या पोरानं दिवसभर आईची टोचणी घेऊन कायनेमॅटिक्स करावं असं मी म्हणू शकत नाही, आणि मावशी तर मुळीच म्हणणार नाही.

मी स्वतः हॉस्टेलला असताना आईला फोन कधी यादीत लिहिला नव्हता, हे मला तेव्हा भूषण वाटत होतं. नीट आठवलं तर मेसमधनं आल्यावर मी फक्त मिस कॉल द्यायचे, कारण बॅलन्स नसायचा, आणि मिस कॉल विसरला तर आईच करायची, साडेनऊच्या सिरियलनंतर. लक्षात ठेवायचं काम तिच्याकडे होतं. माझ्या यादीत ती नव्हती कारण तिच्या रोजच्यात मी होते. ओंक्याच्या वेळी फोन फुकट झालेत म्हणून कुणी कुणाला मिस कॉल देत नाही, आणि मावशी स्वतःहून करत नाही, लेकराचा अभ्यास मोडेल म्हणून. मग कुणीतरी लिहून ठेवायलाच लागणार ना.

ओंक्या पास झाला, एम3 सकट. हॉस्टेलला परत गेला. आता त्यानं कागद सोडला आणि फोनवर घेतलंय सगळं, त्यात 'आईला फोन' रोजचं म्हणून लावून ठेवलंय, टिक मारली तरी दुसऱ्या दिवशी ते आपोआप परत उगवतं, नाही केलं तर लाल होतं. मला हे लाल होणं मान्य नाही, मी त्याला सांगितलं पण. आमचं खरं भांडण मात्र वेगळ्याच गोष्टीवरनं आहे. त्याच्या ॲपमध्ये राहिलेली कामं रात्री बारा वाजले की उद्याच्या पानावर आपली आपण जातात. माझं म्हणणं, ती हातानंच परत लिहायला पाहिजेत. रायडर कॅरोल नावाच्या डिझायनरनं 2013 मध्ये बुलेट जर्नल ही वहीत याद्या ठेवायची पद्धत काढली त्यात पण हेच आहे, राहिलेलं काम पुढच्या पानावर स्वतः लिहून न्यायचं, आणि लिहायचा कंटाळा येत असेल तर ते काम मुळात करायचं होतं का हे बघायचं. एकच ओळ तिसऱ्यांदा लिहिताना माणसाला स्वतःचीच लाज वाटते आणि मग एक तर तो ते करतो, नाहीतर काट मारतो. आपोआप सरकणाऱ्या यादीत ही लाज वाटायची सोयच नाही, त्याचं एक 'पासपोर्ट अप्लाय' गेल्या दिवाळीपासनं सरकतंय. हे सगळं मी त्याला परवा फोनवर अर्धा तास समजावलं, उदाहरणं देऊन. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "ताई, एवढं रोज हातानं लिहीत बसायला वेळ असता तर अभ्यासच नसता का केला?"